लोंबी कोरलेली नळी

धानात दूध भरतं तेव्हा शेतावरून एक वास येतो. गोडसर, कच्चा, ओल्या गवताच्या जवळचा. भिलाईत आता तो सहसा येत नाही. इथल्या हवेला कोळशाचा आणि तापलेल्या विटेचा वास असतो, आणि आम्हाला त्याचीच सवय झाली आहे. पण आश्विनात एखाद्या दिवशी वारा फिरतो, कुम्हारी गावाच्या अंगानं वाहू लागतो, आणि पहिल्या पाळीहून सायकलवर घरी येताना तो वास एकदम नाकाशी येतो. मी सायकलवरून उतरतो. मागून येणारे सोबती विचारतात, "का गा शालिक, चेन उतरली काय?" मी "हाव" म्हणतो आणि उगीच खाली वाकून चेनला हात लावतो.

यंदाही तसंच झालं. घरी आलो तर मुलगी दसऱ्याच्या पूजेची तयारी करत होती. विळी, पोपटपाना, हातोडी, आईची कात्री, सगळं पुसून पाटावर मांडलेलं. ती माझ्याशी हिंदीतच बोलते, शाळेत सगळ्या मुली तशाच बोलतात. "बाबा, आपकी छेनी भी रखूँ क्या?" मी म्हटलं, "राहू दे वं, ते काय पूजायचं." ती पुढच्या कामाला लागली. मुलांना बापाच्या सगळ्याच गोष्टी विचित्र वाटतात, त्यात ही एक.

नक्षी कोरण्याच्या त्या बारीक छिन्न्या माझ्या आहेत. त्यांनी मी शेवटची नक्षी कोरली ती एका बंदुकीच्या नळीवर. ती नळी एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात फुटली. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं सांगताना मला ते लपवता येणार नाही, आणि लपवायचंही नाही.

आम्ही भंडाऱ्याकडचे लोहार. आमच्या घरात ठासणीच्या बंदुका घडत. या बंदुकीला काडतूस नसतं. तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छर्रे, आणि लांब गजानं ठासायचं. मागं घोड्याखाली तांब्याची टोपी बसवायची. इकडच्या लोकांत तिला भरमार म्हणतात. बंदुका घडवण्याचा परवाना माझ्या मोठ्या भावाच्या, नामदेवदादाच्या नावावर होता. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहू लागला आणि आम्ही दोघं भाऊ इकडे आलो. दादाला लोहारखान्यात काम मिळालं. मला लोखंडी तुळयांवर आकडे ठोकायचं. दिवसभर आकडे. सातनंतर आठ आणि आठनंतर नऊ. ज्याच्या हाताला वेलबुट्टीची सवय आहे त्याला ते किती कोरडं लागतं, हे सांगून कळायचं नाही.

तेव्हाची भिलाई म्हणजे लाल धूळ. तंबू, टिनाच्या खोल्या, पावसात गुडघाभर चिखल आणि उघडीप पडली की डोळ्यांत माती. बाजारात गवती टोप्या घातलेले रशियन साहेब बोटानं दाखवून टमाटे घ्यायचे आणि बाया त्यांना पाहून पदराआड हसायच्या. कारखान्याच्या पायासाठी खडक फोडायचे ते सुरुंगानं. सकाळ-संध्याकाळ जमीन हादरायची, टिनं वाजायची, आणि तवा चुलीवरून न हलवता वहिनी म्हणायची, "फुटला एकडाव." आम्हाला त्या आवाजाचं काही वाटेनासं झालं होतं. माणूस इतक्या लवकर कशालाही सरावतो, याची पुढे मला भीती वाटली.

बिसाहू कका, म्हणजे काका, इथलेच शेतकरी, आमच्याकडे आले ते ऐन पावसाळा सरताना. उंच, वाळलेला म्हातारा, गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर जुनी भरमार. तिची नळी गंजानं आतून खाल्ली होती. त्यांच्या शेतात कारखान्याच्या पांढऱ्या खुंट्या रोवलेल्या होत्या. जमिनीचा मोबदला घेऊन झाला होता. फक्त उभं पीक काढून नेण्याची मुभा होती. तेवढं एक पीक, आणि मग ती भुई त्यांची नाही. इकडे झाडोरा तोडल्यामुळे रानडुकरांचे कळप बेघर होऊन उरल्यासुरल्या धानात घुसत होते. दादानं जुनी बंदूक हातात फिरवून पाहिली आणि चिडवलं, "कका, जमीन तं चालली तुमची. आता नवी बंदूक घेऊन कोणाले भेव दाखवता?"

कका मिशीत हसले. "बरहा ला का पता बाबू, भुइयाँ काकर ए?" डुकराला काय माहीत, भुई कुणाची ते.

मग हसणं आवरून त्यांनी खरं सांगितलं. त्यांना भात विकायचा नव्हता. त्यांच्या बापापासून एकच वाण त्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, पेरला जात होता, आणि कुम्हारीला दिलेल्या लेकीच्या गावी थोडी जागा मिळणार होती. या पिकाचं बियाणं हाती आलं तर तिथं तेच धान उभं राहील. नाही आलं तर जमिनीबरोबर तेही गेलं. "बिजहा बाँच जाय," एवढंच ते म्हणाले. बी वाचू दे. दादानं तिथल्या तिथं होकार दिला. वहिनी आतून म्हणाली, "कारखान्यातून थकून येता अन् इथं अजून भाता फुकता. कावून घेतलं हे काम?" दादा म्हणाला, "हातोडी ठेवून दिली तं हात गंजते वं."

टिनाच्या खोलीमागं दादानं भट्टी मांडली होती. पाळीहून आलं की आम्ही तिथं. पट्टी लाल करायची, सळईभोवती वळवायची, काठावर काठ चढवायचा, टाकणखार शिंपडायचा आणि मग पांढऱ्यावर आणायची. लोखंड पांढऱ्यावर आलं की ओलं दिसतं, घाम फुटल्यासारखं. त्या क्षणाला घण पडला तर जोड एकजीव होतो, जरा उशीर झाला तर वरून जुळलेला दिसतो आणि आत फट राहते. घण माझा, हातोडी दादाची. तो हातोडीनं जागा दाखवायचा, मी तिथं घण घालायचा. बोलणं नाही. त्या दिवसांत आम्ही दोघं जितके एकमेकांचे होतो तितके आधी कधी नव्हतो आणि नंतर तर नाहीच. दस्त्याला बीजा नावाच्या झाडाचं लाकूड घेतलं होतं. रंधा मारताना हात पिवळे व्हायचे, जेवताना भाताच्या शितालाही तो रंग लागायचा. जवसाचं तेल चोळून चोळून ते लाकूड असं झालं की गालाला लावावंसं वाटे.

आमच्या घराण्यात एक रीत होती. नळी तयार झाली की ती कोरीच, दस्त्याशिवाय, झाडाला बांधायची. दुप्पट दारू भरायची. लांब आडोशाला जाऊन दोरीनं घोडा पाडायचा. टिकली तर टिकली. त्यानंतरच तिला दस्ता आणि त्यानंतरच नक्षी. दुप्पट कशाला, तर माणूस घाबरला की त्याचा हात सैल सुटतो आणि माप चुकतं, ते चुकलेलं माप नळीनं सोसायला हवं. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, की आधी नक्षी केली तर काय होतं? ते म्हणाले होते, "नक्षीवाली नळी कोणी झाडाले बांधत नाही बापू. जीव होत नाही." मला वाटलं, म्हाताऱ्याचं बोलणं आहे.

त्या आठवड्यात दादाला जादा काम लागलं. कारखान्यातल्या भट्टीच्या उभारणीची घाई होती, तो घरी यायचा ते झोपण्यापुरता. दसरा तोंडावर. ककांना बंदूक दसऱ्याच्या पूजेला हवी होती. नळी तयार, साफ, खोलीच्या कोपऱ्यात उभी. आणि माझे हात शिवशिवत होते. दिवसभर सात-आठ-नऊ ठोकून घरी यायचं आणि ती गुळगुळीत नळी नुसती पाहायची. ककांनी वाघ नको, मोर नको, असं सांगितलं होतं. धानाची लोंबी काढ, माझ्या शेतातली. एक लोंबी आणूनही दिली होती, ती सुतळीत बांधून त्याच कोपऱ्यात वर टांगलेली. दोन संध्याकाळ मी तिच्याकडे पाहिलं. तिसऱ्या संध्याकाळी छिन्न्या काढल्या.

मी चांगलं काम केलं. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे. दस्त्याजवळ नळी जिथं जाड असते तिथून देठ निघाला, वर पाती वळली, आणि दाण्यांनी वाकलेली लोंबी नळीवर कलली. एकेका दाण्याला मी टोकाचं कूस काढलं. तांबूस नळीवर ताजी कोरलेली रेघ पांढरी चमकते, दवासारखी. वहिनीनं कंदील आणून नळीजवळ धरला. "हे तं वाऱ्यानं हालंन," ती म्हणाली.

दादा आला, त्यानं पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या. त्यानं अंगठा त्या दाण्यांवरून फिरवला. "लेका," तो म्हणाला, "तुले देवानं हात देला, डोकं द्याचं राह्यलं." पण तो हसत होता. दस्ताही त्यानं त्याच हौसेनं बसवला. मी माझ्या चुकीचा विचार करतो तेव्हा त्या हसण्याचाही करतो. दादाला माझा अभिमान वाटला, आणि त्या अभिमानानंच त्याचा हात धरला.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी आम्ही नदीच्या अंगाच्या मोहाच्या झाडाशी गेलो. दादानं दोरी आणली होती. त्यानं मापानं दारू ओतली. दुसरं माप भरलं आणि थांबला. नळी खाली झाडाला टेकलेली, ऊन बरोबर लोंबीवर पडलेलं. मी पुढं झालो आणि नळीच्या तोंडावर हात ठेवला.

"दादा, एकच बार घाल. फुटली तं सारं वाया जाईन."

"रीत दुप्पटीची आहे बे."

"जोड तू केला न? तुलेच भरोसा नाई काय?"

हे मी म्हणालो. दुसरं कुणी नव्हतं तिथं. दादानं माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या मापाकडे. मग ते माप परत दारूच्या शिंगात ओतलं आणि म्हणाला, "हाव बावा. लेक सासरी धाडाच्या आधी कोणी झोडपून पाह्यते काय?" आम्ही दोघं हसलो. झाडालाही बांधली नाही. दादानं खांद्याला लावली आणि समोरच्या वारुळावर झाडली. स्वच्छ, कोरडा आवाज. नळी जशीच्या तशी. धूर विरल्यावर मला आठवतं, आम्ही दोघांनी एकाच वेळी लोंबीकडे पाहिलं.

दसऱ्याला ककांनी बंदुकीला हळदकुंकू लावलं, ती मांडीवर आडवी घेतली आणि बोटानं दाणे चाचपले. "बने हे," ते म्हणाले. छान आहे. मला जेवायला थांबवलं. त्यांच्या अंगणात बसून खाल्लेला तो भात, त्याच वाणाचा, मला अजून जिभेवर आठवतो. मग दिवाळीपर्यंत सगळं नीट चाललं. कका मचाणावर झोपायचे, पहाटे एखादा बार व्हायचा, डुकरं पळायची. बाजारात भेटले की सांगायचे, बांधी भरली आहे, लोंबी खाली वाकली आहे. धान पिवळं झालं. कापणी दहा-पाच दिवसांवर आली.

एका सकाळी, उजाडता उजाडता, मी नळावर पाणी भरत होतो. शेतांच्या बाजूनं स्फोट ऐकू आला. "फुटला एकडाव," वहिनी आतून म्हणाली, आणि मी बादली उचलली. सगळ्या गावानं तेच केलं. सुरुंग असेल, म्हणून कुणी वळून पाहिलं नाही. ककांची लेक कापणीसाठी आली होती, ती ऊन चढल्यावर पेज घेऊन शेतावर गेली. तोवर ते बांधावर बसून होते, डावा हात धोतरात गुंडाळून, मूर्च्छेच्या काठावर. कळप मोठा होता, पिल्लं धरून. घाईत दारू थोडी जास्त पडली असेल. नळी दस्त्याजवळ फाटली. बरोबर देठापाशी.

माती वाहणाऱ्या ट्रकमधून त्यांना दवाखान्यात नेलं. मनगटाच्या वर हात काढावा लागला. आम्ही दोघं दारात उभे होतो. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं ते डुकरांचं. पीक किती तुडवलं? लेक म्हणाली, एक कोपरा फक्त. त्यांनी डोळे मिटले.

पोलीस आले. दादानं पुढं होऊन सांगितलं, "जोड माझा होता, खोट माझी." परवाना त्यानं स्वतः नेऊन दिला, भट्टी मोडली, भाता विकून टाकला. मी शेजारी उभा होतो. मी म्हणालो, "साहेब, दोष माझा आहे, मी परीक्षा होऊ दिली नाही." जमादारानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "परवाना किसके नाम पर है?" दादाच्या. मग त्यानं माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. मी ककांनाही सांगितलं, त्यांच्या लेकीलाही, वहिनीलाही. कुणी माझ्यावर ओरडलं नाही. वहिनी म्हणाली, "होणारं होते भाऊजी." आपण कबुली द्यायची आणि समोरच्यानं ती घ्यायचीच नाही, तर ती परत आपल्याच हातात राहते.

जोडात आत फट होती की माझ्या छिन्नीनं नळी कमकुवत झाली, हे मला माहीत नाही. माहीत होण्याचा मार्ग एकच होता, मोहाच्या झाडाशी, लांब दोरीच्या टोकाला. दुप्पट दारूनं ती तिथंच फाटली असती तर मी दोन दिवस रुसलो असतो. बस, इतकंच झालं असतं.

दादा परवाच्या उन्हाळ्यात गेला. शेवटपर्यंत त्यानं मला बोल लावला नाही. मात्र ती नळी फुटल्यानंतर माझ्या हातात घण देऊन त्यानं कधी हातोडीनं जागा दाखवली नाही. कामंच तशी निघाली नाहीत, असं मी मनाला सांगतो. ककांच्या बांध्यांवर आता घरं आहेत, रस्ते आहेत, संध्याकाळी दिव्यांच्या रांगा लागतात. मीही तसल्याच एका घरात राहतो. आमच्या खिडकीतून भट्ट्यांचा लाल उजेड दिसतो आणि पाहुणे म्हणतात, किती सुंदर. आहेच सुंदर. माझी मुलं त्याच उजेडात अभ्यास करतात, त्याच लोखंडावर आमचं पोट चालतं. कुणाच्या तरी शेवटच्या पिकावर आपली पहिली सुगी उभी असते, हे मला त्या वर्षी कळलं. कळून मी काय केलं, तर काही नाही. सकाळी उठून पाळीला गेलो.

त्या वर्षीची कापणी मात्र आम्ही केली. गावातल्या प्रत्येकाला स्वतःचं पीक काढायची घाई होती, जमीन सपाट करणारी यंत्रं माळावर येऊन थांबली होती. ककांच्या बांध्या उभ्याच राहिल्या असत्या. दादा आणि मी सुटीच्या दिवशी गेलो, पाळीनंतर गेलो. लेक आमच्या पुढं असायची. आम्ही लोहार, विळे घडवणारे, धार लावून देणारे. कापायला लागलो तर कंबर मोडली. विळा बनवता येतो, धरता येत नाही का, असं लेक म्हणायची, आणि आम्ही तिघंही थोडं हसायचो. दवाखान्यातून आलेले कका बांधावर बसून पाहायचे. पेंढ्या बांधायला एक हात पुरत नाही. ते पायानं पेंढी दाबून उजव्या हातानं गाठ मारायचा प्रयत्न करायचे, गाठ सुटायची. आम्ही तिकडे पाहत नसू.

इकडे कापणी संपताना शेवटच्या बांधीच्या कोपऱ्यात ओंजळभर धान उभं ठेवतात. त्याला बढोना म्हणतात. उदबत्ती लावतात, नारळ फोडतात, आणि ते धान मालकानं आपल्या हातानं कापायचं असतं. दुसऱ्या कुणी कापलं तर शेताची बरकत त्याच्या घरी जाते, अशी समजूत आहे. ककांना त्याच मुठीतलं बियाणं आधी हवं होतं, बाकीचं नंतर. दुपार कलली होती. लेकीनं पूजा मांडली. कका धानासमोर उकिडवे बसले. विळा उजव्या हातात. डाव्या बाजूला कापडात गुंडाळलेला थोटा हात. धान कापायला डावा हात आधी लागतो, मूठ धरायला. ते तसेच बसून राहिले, विळा जमिनीला टेकवून.

लेक पुढं वाकली. ककांनी मान हलवली. मग दादाकडे न पाहता त्यांनी विळ्याच्या टोकानं माझ्याकडे खूण केली.

"आ, बाबू. धर."

मी समोर बसलो आणि डाव्या हातानं ती मूठ धरली. दाणे टणक झाले होते, कूस तळव्याला टोचत होतं. मलाच का, ते त्यांनी सांगितलं नाही. "झन हल," म्हणाले, हलू नकोस. विळ्याचं पातं माझ्या मुठीखाली येऊन टेकलं, गार, माझ्या हाताच्या घडाईचं नसलेलं, दुसऱ्याच कुणीतरी नीट धार लावलेलं. त्यांचा श्वास ऐकू येत होता. विळा चुकावा, असं मला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. आणि माझ्याही नकळत माझी करंगळी देठांवरून खाली सरकली, पात्याच्या वाटेत.

कका थांबले. त्यांनी विळा उलटा केला, त्याच्या बोथट पाठीनं माझी करंगळी हळूच वर सारली, जागेवर ठेवली, आणि मग धान कापलं.